मालवणची वाळू

गेल्या गणपतींत घर पाहुण्यांनीं भरलेलें असतां आमच्या दादांच्या नातीनें माळ्यावरील पेटींतून एक जुना कॅमेरा शोधून काढला. खिशांत मावणाऱ्या ह्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची मोबाईलनें मागेंच हकालपट्टी केली. परंतु हल्लींच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींस त्यांचा पुन्हा सोस लागला आहे, असें समजतें. त्या मुलीनें नवे सेल घातले, बटण दाबलें. कॅमेऱ्यानें 'कर्र' असा आवाज केला आणि तो मुकाट झाला. "धाकटे आजोबा, ह्याचें तोंड असें अर्धवट उघडें कां?" तिनें विचारलें. "त्यांत मालवणची वाळू आहे," असें मीं सांगितलें. तिला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, आणि म्हणूनच ही हकीकत लिहावयास बसलों आहें.

सन 2010 च्या डिसेंबरांत आम्ही घरांतील नऊ माणसें मालवणास गेलों. निमित्त आमच्या आक्काआत्याचें. तिचा जन्म मालवणांतील मेढा भागांतला. मे 1947 मध्यें लग्न होऊन ती बोटीनें मुंबईस आली. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनीं, 17 जुलै 1947 रोजीं, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंवर माणसें गेलीं. त्या दिवसापासून आत्यानें बोटींत पाऊल म्हणून ठेवलें नाहीं. पुढें ती माहेरीं गेली ती खडकाळ रस्त्यानें, मोटारींतून, हाडें खिळखिळीं करून घेत. 1962 सालीं आजोबा वारले, वडिलांनीं मुंबईंतच बिऱ्हाड केलें होतें, आणि मेढ्याचें घर विकलें गेलें. मी त्याच वर्षींचा. तेव्हां तें घर मीं पाहिलेलें नाहीं. पण आमच्याकडे कोणतीही गोष्ट त्या घरापासूनच सुरू होत असे. लोणचें घालावयाचें झालें तरी मेढ्याच्या घरची बरणी निघावयाची.

त्या वर्षीं दिवाळीनंतर त्या घराच्या मालकांचें पत्र आलें. घर मोडकळीस आलें आहे, नव्या वर्षीं तें उतरवून तेथें नवी इमारत बांधावयाची आहे. आक्कांना एकदां पाहावयाचें असेल तर अवश्य यावें, असा त्यांत मजकूर होता. विकत घेणाऱ्यानें इतकी आठवण ठेवावी, हें मला फार मोठें वाटलें. आत्या तेव्हां ऐंशी वर्षांची होती. पत्र ऐकून ती एवढेंच म्हणाली, "अरे, त्या घराचा एक फोटो नाहीं रे आपल्याकडे." खरोखरच नव्हता. आजोबांच्या काळीं फोटो काढावयाचा तो माणसांचा, तोही स्टुडिओंतल्या रंगीत पडद्यापुढें. घराचा फोटो कोण काढतो? म्हणून मीं मुद्दाम नवा कॅमेरा घेतला.

कोंकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गानें धांवूं लागली, तेव्हांपासून हा प्रवास म्हणजे एक सुख झालें आहे. सकाळीं दादरला मांडवी एक्सप्रेसमध्यें बसावें, बोगद्यामागून बोगदा मोजावा, आणि दुपार कलतांना कुडाळास उतरावें. तेथून मालवण तीसएक किलोमीटर. आम्ही एका सद्गृहस्थांच्या घरगुती खाणावळींत उतरलों. पहिल्या पानावर काजूची उसळ आणि सोलकढी आली, तेव्हां आत्यानें डोळे मिटून एक घोट घेतला आणि कोणाशींही बोलली नाहीं.

मेढ्याचें घर तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें असें ठरलें होतें, कारण मालक त्याच दिवशीं गांवांत येणार होते. त्यामुळें दुसऱ्या दिवशींची संध्याकाळ मोकळी मिळाली आणि आम्ही तारकर्लीस गेलों. मालवणच्या दक्षिणेस हें ठिकाण सहा-सात किलोमीटरांवर आहे. पुढें देवबागेपाशीं कर्ली नदी समुद्रास मिळते. एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्यें माडांनीं गच्च भरलेली एक चिंचोळी पट्टी. येथील वाळू पांढरी आणि बारीक रव्यासारखी. पायास ती फार सुखद लागते. कॅमेऱ्यास ती काय लागते, हें आम्हांस अर्ध्या तासांत कळावयाचें होतें.

अपराध माझाच. सूर्यास्ताचे दोन-तीन फोटो काढून मीं कॅमेरा, भिंगाची नळी बाहेर आलेली तशीच ठेवून, पंचावर ठेवला आणि खारे दाणे वाटावयास लागलों. मुलें पकडापकडी खेळत होतीं. त्यांच्या पायांनीं उडालेली वाळू पंचावर आली. मीं वरवर झटकली, आणि येथेंच चूक झाली: नळी तशीच बाहेर असतां फुंकर मारून कडेची वाळू काढावयाची, तें न करितां मीं बंद करण्याचें बटण दाबलें. नळी आंत जाऊं लागली, तिनें कडेचे कण आपल्याबरोबर आंत ओढले, 'कर्र' असा आवाज झाला आणि ती अर्ध्यावर थांबली. मागल्या पडद्यावर लेन्समध्यें बिघाड झाल्याचें वाक्य क्षणभर उमटलें आणि पडदा काळा झाला. दादा जवळच होते. "आण इकडे," म्हणून त्यांनीं कॅमेरा घेतला, आणि अडकलेलें झांकण ओढावें तशी ती नळी दोन बोटांनीं ओढली.

त्या रात्रीं खाणावळीच्या पडवींत ह्या एका यंत्रावर जितके उपाय सुचविले गेले, तितके कोणा रोग्यावरही सुचविले जात नसतील. वहिनींनीं तांदुळाच्या डब्यांत ठेवावयास सांगितलें. तांदुळाचा उपयोग झालाच तर ओलीवर व्हावयाचा. वाळूवर तांदूळ काय करणार? एकानें खोबरेल तेलाचा थेंब सुचविला. तो उपाय सर्वांत घातक, कारण तेलानें वाळूचा चिखल होऊन तो कायमचा बसतो आणि भिंगांवर तवंग येतो. शेजारच्या खोलींतील गृहस्थ स्क्रू काढावयास बारीक पेचकस घेऊन आले. तेव्हां आमचे चिरंजीव, जे त्या वेळीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत होते आणि एरवीं आमच्याशीं फारसें बोलत नसत, ते उठून मध्यें उभे राहिले. फ्लॅशच्या दिव्यासाठीं आंत एक विद्युत्संचयक असतो, त्यांत 300 व्होल्टच्या आसपास दाब सांठलेला असतो, आणि सेल काढले तरी तो कांहीं वेळ तसाच राहतो. हात लागला तर चांगलाच झटका बसेल, असें त्यांनीं सांगितलें. पेचकस परत गेला.

मग चिरंजीवांनीं कागदावर आकृति काढून जें समजाविलें, तें मला इतक्या वर्षांनींही आठवतें. लेन्स म्हणजे एक नळी नव्हे. एकांत एक बसलेलीं दोन-तीन नळकांडीं असतात. बाहेरच्या नळकांड्याच्या आंतल्या अंगास तिरक्या, फिरत वर चढणाऱ्या खाचा असतात आणि आंतल्या नळकांड्यास बारीक खुंट्या असतात. खुंट्या खाचांत बसून सरकतात. म्हणून नळकांडें फिरलें कीं भिंग पुढें येतें. फिरविणारी मोटर शेंगदाण्याएवढी, आणि तिची शक्ति पुढें नेणारीं चाकें बहुधा प्लॅस्टिकचीं. नळी ठराविक जागीं पोहोंचली कीं नाहीं, हें कॅमेऱ्यास एका बारीक प्रकाशकिरणाच्या खुणेनें कळतें. ठराविक वेळांत ती खूण आली नाहीं, तर कॅमेरा हट्ट करीत नाहीं. बिघाड जाहीर करून थांबतो. हा त्याचा शहाणपणा. हट्ट करितों तो आपण. पुन्हा पुन्हा बटण दाबावें, तों तों त्या प्लॅस्टिकच्या चाकांचे दांते झिजावे, आणि कणभर वाळूचें निमित्त होऊन यंत्र कायमचें निकामी व्हावें, असा प्रकार होतो.

"सेल उतरले असले तरी असेंच होतें," ते म्हणाले. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मोटरीस एकदम जोर लागतो. अशक्त सेलांवर पडदा नीट उजळतो, पण नळी अर्ध्यावर थांबते, आणि आपण उगाच दुरुस्तीवाल्याकडे धांवतों. म्हणून पहिला उपाय नव्या, चांगल्या सेलांचा. रात्रीं नऊ वाजतां बाजारांतून दोन नवे पेन्सिल सेल आणले. जुने काढून कॅमेरा थोडा वेळ तसाच ठेवला, मग नवे घालून एकदांच बटण दाबलें. तोच आवाज, तेंच वाक्य. कॅमेरा रुमालांत गुंडाळून ठेवला. आत्या आपल्या खाटेवरून हें सर्व पाहत होती. तिनें विचारलें नाहीं, आणि तेंच मला लागलें.

त्या काळीं आमच्या घरांतील एकाच मोबाईलांत कॅमेरा होता, आणि त्याचें चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढें व तितकेंच धुरकट यावयाचें. स्टुडिओवाल्यांकडे निरोप धाडला, तर ते लग्नाच्या कामावर कणकवलीकडे गेलेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरमालकांचाच निरोप आला कीं, ते दुपारीं चारपर्यंत पोहोंचतील. सकाळ रिकामी झाली. दुकानें उघडावयास अवकाश होता. आत्याच म्हणाली, "जा, किल्ला पाहून या. मी बंदरावर बसतें."

ती बंदराच्या कट्ट्यावर बसली, वहिनी तिच्यापाशीं राहिल्या, आणि आम्ही होडींतून सिंधुदुर्गास गेलों. कुरटे बेटावरील ह्या जलदुर्गाचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजीं घातला गेला. त्या वेळीं पूजा जेथें झाली तो मोरयाचा धोंडा अद्याप मालवणच्या किनाऱ्यावर आहे. पायाच्या दगडांत शिसें ओतून हा तट उभा केला, आणि तीन वर्षांत काम पुरें झालें. दरवाजा अशा बेतानें तटाच्या वळणांत लपविला आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत तो दिसत नाहीं. आंत शिवाजीमहाराजांच्या हातापायांचे चुन्यांतील ठसे आहेत, आणि राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. तेथील मूर्तीस दाढी नाहीं. चहूंकडे खारें पाणी असतां दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव ह्या तीन विहिरींस गोडें पाणी कसें, ह्यावर दादा आणि चिरंजीव ह्यांचा बराच वाद झाला. हातांत कॅमेरा नसल्यामुळें किल्ला अधिक नीट पाहतां आला, असें लिहिण्याचा मोह होतो. पण खरें सांगावयाचें तर मी सारा वेळ हळहळतच हिंडत होतों. आणि तटावरून बंदराच्या कट्ट्यावरची आत्याची पांढरी आकृति शोधीत होतों. इतक्या लांबून ती दिसणें शक्य नव्हतें.

परत आल्यावर खाणावळीच्या मालकांनीं सुचविलें, "बाजारांत एक घड्याळजी आहेत, त्यांस दाखवा." माझा विश्वास नव्हता. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. कांचेच्या पेटीमागें साठीच्या घरांतले एक गृहस्थ, भोंवतीं निरनिराळ्या वेळा दाखविणारीं घड्याळें. त्यांनीं डोळ्यास भिंग लावलें, कॅमेरा उजेडाकडे धरून नळीच्या कडेची फट चोहोंबाजूंनीं पाहिली, आणि मान वर न करितां विचारलें, "ही नळी कोणी ओढल्यान?"

दादा समोरच्या दुकानांतील खाजें न्याहाळूं लागले.

फट एका बाजूस रुंद आणि दुसऱ्या बाजूस अगदीं बारीक होती, हें त्यांनीं मला दाखविलें. म्हणजे वाळू ही एक गोष्ट, आणि ओढण्यानें एक खुंटी खाचेंतून निसटून नळी तिरकी झाली ही दुसरी. "जोर करशात तर दांते मोडतले," असें म्हणून त्यांनीं काम आरंभिलें. पहिल्यानें कॅमेरा पालथा धरला, म्हणजे निघालेला कण पुन्हा आंत न जातां खालीं पडावा. घड्याळें साफ करावयाची रबरी फुंकणी घेऊन फटीभोंवतीं हलके हलके वारा घातला. मग जाड कागदाची एक चिंचोळी पट्टी कापून ती फटींत जेमतेम शिरेल इतकीच घातली आणि सावकाश सभोंवार फिरविली. फार खोल घालावयाची नाहीं. आंत धूळ अडविणारें मऊ कडें असतें, तें निसटलें तर दुसरेंच दुखणें. खालच्या पांढऱ्या कागदावर कण पडत गेले. त्यांनीं ते चिमट्यानें एका बाजूस सारले. मीं मोजले, ते अकरा भरले.

शेवटीं त्यांनीं मला बटण दाबावयास सांगितलें. मोटर घुरघुरूं लागतांच त्यांनीं नळीच्या उंच झालेल्या बाजूवर अंगठ्यानें अगदीं अल्प दाब दिला; 'टक्' असा आवाज झाला, आणि नळी सरळ बाहेर आली. पडद्यावर दुकानांतलीं सारीं घड्याळें दिसूं लागलीं. मला आनंदानें कांहीं बोलवेना. परंतु ते गृहस्थ हंसले नाहींत. "आतां बंद करू नकात," ते म्हणाले. खाच दुखावली आहे. एकदां आंत गेलेली नळी पुन्हा बाहेर येईल ह्याची हमी देतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं पन्नास रुपये घेतले, तेही आग्रहानें.

तेव्हां साडेतीन झाले होते. ह्या जातीचे कॅमेरे कांहीं मिनिटें कोणी हात लावला नाहीं, तर सेल वांचविण्यासाठीं आपोआप बंद होतात, आणि बंद होतांना नळी आंत घेतात. चिरंजीवांनीं तेथल्या तेथें ती सोय रद्द केली. काढलेला फोटो पडद्यावर पाहूं लागलें तरी थोड्या वेळानें नळी आंत जाते. तेव्हां आतां कोणताही फोटो पाहावयाचा नाहीं, असें ठरलें. पडदा सतत चालू राहिल्यानें सेल भराभर उतरणार होते, आणि बदलावे तर कॅमेरा बंद होणार. भरल्या ताटाप्रमाणें कॅमेरा दोन्ही हातांत धरून मी भर बाजारांतून मेढ्याकडे निघालों. आणि आत्या म्हणाली, "थांब, लुगडें बदलून येतें."

तीं वीस मिनिटें मी विसरणार नाहीं. पण ती नऊवारी नेसून, केसांत अबोलीचें फूल घालून आली, तेव्हां कोणाचीही घाई करण्याची छाती झाली नाहीं.

घर चिरेबंदी, कौलारू. अर्धें छप्पर खालीं आलेलें. मालकांनीं पुढचा केर काढून ठेवला होता. ओटीवर झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या राहिल्या होत्या. आत्या प्रत्येक दारांत थांबे, आणि त्या खोलींत कोण निजत असे तें सांगे. माजघर, न्हाणीघराचा दगड, तुळशीवृंदावन, मागली विहीर. मी काढीत होतों, आणि प्रत्येक वेळीं पडद्याच्या कोंपऱ्यांतील सेलाच्या खुणेकडे पाहत होतों. विहिरीच्या काठावर ती उजव्या अंगास उभी राहिली. "दोघींचा एकत्र काढ," ती म्हणाली. दुसरी म्हणजे विहीर. तो तेविसावा फोटो. त्यानंतर खूण तांबडी होऊन लुकलुकूं लागली, कॅमेऱ्यानें आपण होऊन नळी आंत घ्यावयास आरंभ केला, आणि ती अर्ध्यावर येऊन 'कर्र' करून थांबली. पुन्हा ती कधीं हललेली नाहीं.

पण कॅमेरा मेला म्हणून फोटो मरत नाहींत. ते सांठवणाऱ्या कार्डावर असतात आणि कार्डास लेन्सशीं कांहीं कर्तव्य नसतें, ही गोष्ट अशा प्रसंगीं लोक विसरतात. मीं तें कार्ड काढून पाकिटांत घातलें. तरी त्यांवर काय उमटलें आहे, हें मुंबईस येईपर्यंत कळावयाचें नव्हतें. परतीच्या गाडींत आत्यानें एकदांच विचारलें, "येतील ना रे?" मीं "येतील" म्हटलें.

मुंबईंतील एका दुरुस्तीवाल्यानें संपूर्ण लेन्सच बदलावी लागेल असें सांगून जी रक्कम सांगितली, तींत थोडी भर घालतां नवा कॅमेरा आला असता. म्हणून तो तसाच माळ्यावर गेला. फोटो मात्र तेवीसच्या तेवीस निघाले. नळी थोडी तिरकी राहिली असावी. कारण प्रत्येक चित्रांत उजवी बाजू स्वच्छ आणि डावी धुकट आली होती. विहिरीच्या चित्रांत आत्याच्या हातावरील शिरा मोजाव्या इतकी ती स्पष्ट होती, आणि विहीर पावसांतून पाहावी तशी. मीं तें तिच्या हातांत देतांना क्षमा मागूं लागलों. तिच्या एका डोळ्यांत तेव्हां मोतीबिंदू उतरत होता. चित्र लांब धरून, मग जवळ धरून ती म्हणाली, "धुकट कुठें आहे? मला सगळें असेंच दिसतें." तोच फोटो मोठा करून घेऊन तिनें आपल्या खाटेसमोर लावविला.